लिव्हर कॅन्सरमध्ये रोज एक नवे ‘महत्त्वाचे जनुक’: रुग्णाने या बातम्यांचे काय करायचे?

घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर आहे असे कळले की पहिल्या आठवड्यात सगळे जण मोबाइलवर शोधू लागतात. तुम्हीही शोधले असेल. आणि मग तुमच्यासमोर अशा मथळ्यांची रांग लागली असेल: अमुक जनुकाची अभिव्यक्ती वाढलेली असेल तर यकृताच्या कर्करोगात रोगाचे भवितव्य वाईट, तमुक जनुक प्रतिकारक पेशींशी संबंधित, इम्युनोथेरपीसाठी नवी आशा. पुढच्या आठवड्यात शोधा, आणखी दोन नवी जनुके सापडलेली असतात.

ओपीडीत असे छापील कागद घेऊन येणारे नातेवाईक आता नेहमीचे झाले आहेत. त्यांना मी हसत नाही, कारण प्रश्न रास्त असतो: “डॉक्टर, ही तपासणी बाबांची करायची का?” काही जण तर तपासणी करूनच येतात. एका कुटुंबाने खासगी प्रयोगशाळेत बरेच पैसे भरून जनुकांचा मोठा अहवाल मागवला आणि तो हाती येईपर्यंत उपचार सुरू करायचे थांबवले. अहवाल यायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. तेवढ्यात रुग्णाच्या पोटात पाणी झाले, कावीळ वाढली, आणि ज्या इम्युनोथेरपीसाठी ते थांबले होते ती देण्याची स्थिती राहिली नाही. अहवालात काय होते? उपचार बदलेल असे काहीही नव्हते.

म्हणून हा विषय सविस्तर मांडतो. या लेखात लिव्हर कॅन्सर म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून होणारा कर्करोग. आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला असेल तर तो वेगळा आजार आहे, त्याला इथले काही लागू होत नाही.

जनुकाची ‘अभिव्यक्ती’ म्हणजे काय?

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २० हजार जनुके असतात. तरी डोळ्याची पेशी आणि लिव्हरची पेशी वेगळी का वागते? फडताळात सगळे डबे असले तरी आज स्वयंपाकाला कोणते उघडले आणि त्यातून किती घेतले, यावर पानात काय पडणार ते ठरते. कोणती जनुके चालू आहेत आणि किती जोरात, याला जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात. पेशीतील आरएनए मोजून ती कळते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. डीएनएची तपासणी डब्यातला माल बिघडला आहे का, म्हणजे जनुकात बदल झाला आहे का, ते पाहते. अभिव्यक्तीची तपासणी डबा किती वापरला जातो ते पाहते. तुमच्या हातातला अहवाल यापैकी कोणता आहे हे आधी विचारा. बहुतेक खासगी पॅनेल प्रामुख्याने डीएनएची असतात आणि छापील कागदातला शोधनिबंध आरएनएबद्दल असतो, त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

एक अभिव्यक्ती तुम्ही आधीच मोजली आहे

अल्फा-फिटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. ही रक्ततपासणी लिव्हर कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांच्या फाइलमध्ये असतेच. आईच्या पोटातील बाळाचे यकृत हे प्रथिन भरपूर बनवते. जन्मानंतर ते जनुक जवळपास बंद होते. कॅन्सर झालेल्या पेशी अनेकदा जुन्या, गर्भावस्थेतल्या सवयींकडे परततात आणि ते जनुक पुन्हा चालू होते. रक्तातील एएफपी म्हणजे त्या चालू झालेल्या जनुकाचीच खूण. १९६०च्या दशकात रशियन संशोधकांनी ती शोधली, आणि तिला आजही निवृत्ती मिळालेली नाही.

एएफपीमध्ये दोष आहेत. बऱ्याच रुग्णांत ती वाढतच नाही. हिपॅटायटिसचा जोर वाढला, गर्भारपण असले किंवा वृषणाचा काही प्रकारचा कॅन्सर असला तरी ती वाढते. पण लिव्हर कॅन्सरमध्ये औषध कुणाला द्यायचे हे एखाद्या जैविक खुणेवरून ठरवण्याचे पहिले यशस्वी उदाहरण तिचेच आहे. रॅमुसिरुमॅब हे औषध सरसकट सर्व रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा चाचणी अपयशी ठरली. मग फक्त एएफपी ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा जास्त असलेल्यांत पुन्हा चाचणी झाली. सोराफेनिब घेऊन झालेल्या या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ७.३ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत औषधाला त्याच अटीवर मान्यता मिळाली.

फायदा सव्वा महिन्याचा. मी तो फुगवून सांगणार नाही. पण एका खुणेला दवाखान्यात जागा मिळवायला काय करावे लागते ते यातून कळते: आधी अपयश, मग निवडक रुग्णांवर वेगळी, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी.

मग रोज नवे जनुक कसे सापडते?

अमेरिकेच्या सरकारी निधीतून ‘द कॅन्सर जीनोम अॅटलस’ नावाचा मोठा प्रकल्प झाला. त्यात लिव्हर कॅन्सरच्या सुमारे ३७० रुग्णांच्या गाठींची माहिती आहे: कोणते जनुक किती चालू, रुग्ण किती काळ जगला. ही माहिती जगात कुणालाही फुकट वापरता येते. हे विज्ञानावर मोठे उपकारच आहेत. पण त्यामुळे प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता, संगणकावर बसून एक जनुक निवडायचे, ते जास्त असलेले आणि कमी असलेले असे रुग्णांचे दोन गट करायचे, दोन्ही गटांच्या आयुर्मानाच्या रेषा काढायच्या, त्या वेगळ्या दिसल्या की निबंध लिहायचा, हेही सोपे झाले. शेवटी आणखी एका संगणकीय पद्धतीने गाठीत कोणत्या प्रतिकारक पेशी किती असाव्यात याचा अंदाज जोडायचा. ‘रोगाचे भवितव्य आणि प्रतिकारशक्ती यांचा निर्देशक’ असा मथळा तयार.

हिशेब करून पाहा. २० हजार जनुके, आणि ‘शंभरात पाच वेळा योगायोगाने असे दिसेल’ ही नेहमीची मर्यादा. म्हणजे एकाही जनुकाचा आजाराशी संबंध नसता तरी सुमारे एक हजार जनुके महत्त्वाची वाटली असती! त्यात ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांमधली रेषा जिथे फरक सर्वात ठळक दिसेल तिथेच आखली, तर आकडा आणखी वाढतो.

दुसरे कारण अधिक खरे आहे. भराभर वाढणाऱ्या गाठीत पेशी-विभाजनाशी जोडलेली शेकडो जनुके एकाच वेळी वाढलेली असतात. त्यातले कुठलेही उचला, ते वाईट भवितव्याशी जुळणारच. याची मजेदार साक्ष स्तनाच्या कॅन्सरमधून मिळते. २०११ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी कॅन्सरशी काडीचाही संबंध नसलेले जनुकसमूह तपासले. त्यातला एक तर जेवणानंतर हसण्याच्या परिणामावरच्या अभ्यासातला होता. तोसुद्धा रुग्णांच्या आयुर्मानाशी जुळला. अगदी यादृच्छिक निवडलेले बहुतेक समूहही जुळले.

याचा अर्थ हे सगळे निबंध खोटे असा नाही. काहींमधून पुढे प्रयोग होतात, प्राण्यांवर काम होते, औषधाचे नवे लक्ष्य सापडते. पण ती संशोधकाच्या कामाची सुरुवात आहे. तुमच्या बाबांच्या उपचाराची चिठ्ठी त्यातून लिहिता येत नाही. आणखी एक गोष्ट: त्या ३७० जणांच्या गाठी प्रामुख्याने शस्त्रक्रियेने काढलेल्या होत्या. आपल्याकडे अनेक रुग्ण येतात तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. दोन्ही गट सारखे नाहीत.

प्रतिकारशक्तीचा भाग: इथे खरे काम झाले आहे

२०२० साली लिव्हर कॅन्सरच्या उपचारात मोठा बदल झाला. अॅटेझोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी आणि गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारे बेव्हासिझुमॅब ही जोडी जुन्या सोराफेनिबपेक्षा सरस ठरली. नंतरच्या पाहणीत मध्यम आयुर्मान १९.२ महिने विरुद्ध १३.४ महिने असे आले. त्यानंतर ड्युर्व्हालुमॅब-ट्रेमेलिमुमॅब आणि निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब या जोड्या आल्या. पण या उपचारांनी गाठ ठळकपणे लहान होते ती साधारण तीनातल्या एका रुग्णात. दर तीन-चार आठवड्यांनी लाखांत जाणारे बिल भरणारे कुटुंब विचारणारच की तो तिसरा आमचा माणूस आहे का.

याच प्रश्नावर जनुकीय अभिव्यक्तीचे चांगले संशोधन झाले. २०१७ मध्ये ९५६ गाठींच्या अभ्यासात असे दिसले की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या गाठींत प्रतिकारक पेशी आधीच शिरलेल्या आहेत. त्यातही दोन प्रकार: काहींत त्या पेशी जोमाने लढत आहेत, काहींत आत शिरून थकल्या आहेत. दुसऱ्या टोकाला अशा गाठी, ज्यांच्या आत या पेशी जवळजवळ पोचतच नाहीत. अशा गाठींत बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील बदल जास्त आढळला.

मग काही काळ परिषदांमध्ये एकच चर्चा होती: बीटा-कॅटेनिनचा बदल असेल तर इम्युनोथेरपी देऊ नये का? एका छोट्या अभ्यासाने तसे सुचवलेही. २०२२ मध्ये अॅटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅबच्या दोन चाचण्यांतील ३५८ रुग्णांच्या गाठींचे सविस्तर विश्लेषण आले. त्यात या बदलावरून त्या जोडीचा फायदा होणार की नाही हे सांगता आले नाही. ज्यांच्या गाठीत लढाऊ टी-पेशींची जनुके आधीपासून जोरात चालू होती, त्यांना जोडीचा फायदा जास्त झाला. ज्यांच्यात गर्भावस्थेतली जनुके, एएफपी आणि ग्लिपिकन-३, जोरात होती किंवा प्रतिकार दाबणाऱ्या पेशींचे प्रमाण लढाऊ पेशींच्या तुलनेत जास्त होते, त्यांना कमी. पाच वर्षांपूर्वी सुचलेली कल्पना काही अंशी खरी ठरली, काही अंशी नाही. छोट्या अभ्यासावरून तेव्हाच कुणाचा उपचार नाकारला असता तर अन्याय झाला असता.

हे विश्लेषण उत्तम आहे, तरीही त्यावरून आज मी कुणाला औषध देणे किंवा नाकारणे ठरवत नाही. ‘फायदा कमी’ म्हणजे ‘फायदा नाही’ असे नव्हे. नेमकी सीमारेषा कुठे, हे आधी ठरवून, नव्या रुग्णांवर, पुढे जाणाऱ्या चाचणीत तपासलेले नाही. पीडी-एल१ या नेहमी मागवल्या जाणाऱ्या खुणेचेही तसेच: फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती उपयोगी आहे, लिव्हरमध्ये ती नसलेल्या रुग्णांनाही प्रतिसाद मिळाला आहे. वर सांगितलेल्या तिन्ही जोड्यांच्या मोठ्या चाचण्यांत रुग्णांची निवड जनुकांच्या अभिव्यक्तीवरून केलेलीच नव्हती.

इथे दोन शब्दांतला फरक धरून ठेवा. एक खूण आजार पुढे कसा जाईल ते सांगते. दुसरी खूण अमुक औषध लागू पडेल का ते सांगते. जमीन हलकी आहे हे कळणे वेगळे आणि तिला कोणते खत मानवेल हे कळणे वेगळे. जवळपास सगळे छापील कागद पहिल्या प्रकारचे असतात, आणि घरचे लोक ते दुसऱ्या प्रकारचे समजून वाचतात. ‘भवितव्य वाईट’ हे शब्द वाचून रुग्णापासून कागद लपवणारी मुलेही मी पाहिली आहेत. त्या वाक्यात तुमच्या रुग्णाबद्दल काहीही लिहिलेले नाही.

सर्वात उपयोगी धडा गाठीबाहेरून आला

या सगळ्या संशोधनातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा अभ्यास जुना आहे, २००८ सालचा. जपान, युरोप व अमेरिकेतील ३०७ रुग्णांचे, शस्त्रक्रियेनंतर मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेले ऊतक तपासले गेले. अपेक्षा अशी होती की गाठीतली जनुके रुग्णाचे भवितव्य सांगतील. गाठीने काही सांगितले नाही. गाठीच्या शेजारच्या, कॅन्सर नसलेल्या लिव्हरमधल्या १८६ जनुकांच्या नमुन्याने सांगितले. पुढे हाच नमुना हिपॅटायटिस सीमुळे सुरुवातीचा सिरोसिस झालेल्या, अजून कॅन्सर नसलेल्या रुग्णांतही उपयोगी ठरला: कुणाचे लिव्हर बिघडत जाईल आणि कुणाला कॅन्सर होईल याचा अंदाज त्यावरून आला.

याचे कारण लक्षात घ्या. लिव्हरचा कॅन्सर बहुधा आधीच आजारी असलेल्या लिव्हरमध्ये उगवतो. गाठ काढली तरी उरलेले लिव्हर तेच असते. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत कॅन्सर पुन्हा दिसतो. पहिल्या दोन वर्षांतला बहुधा जुन्याच गाठीचा अंश, आणि त्यानंतरचा अनेकदा त्याच आजारी लिव्हरमध्ये उगवलेला नवा.

ती १८६ जनुकांची तपासणी तुम्हाला करून मिळणार नाही, पण तिचा अर्थ आजच वापरता येतो. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरसारखी विषाणूविरोधी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. हिपॅटायटिस सी असेल तर तो पूर्ण बरा करता येतो, त्याची वेळ डॉक्टरांशी ठरवा. दारू पूर्ण बंद. ‘फक्त बिअर’ हीसुद्धा दारूच. फॅटी लिव्हर आणि मधुमेह असेल तर साखर आणि वजन आटोक्यात. शस्त्रक्रियेनंतर स्कॅन आणि एएफपी ठरलेल्या तारखांना. ‘गाठ गेली ना, मग आता कशाला’ असे म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण दोन-तीन वर्षांनी परत येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये चालते, इथे का नाही?

हा प्रश्न सुशिक्षित नातेवाईक हमखास विचारतात, आणि तो योग्य आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये २१ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून अनेक स्त्रियांची केमोथेरपी टाळली जाते. पण त्यामागे १० हजारांहून अधिक स्त्रियांना सामावणारी चाचणी आहे, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मधल्या गुणांच्या स्त्रियांमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना केमो दिली, काहींना नाही, आणि नऊ वर्षांनी फरक जवळजवळ नव्हता. लिव्हर कॅन्सरमध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पाच जनुकांची एक चांगली गुणपद्धती दिली, पण तिच्यावरून उपचार बदलून पाहणारी अशी मोठी चाचणी झालेली नाही.

शिवाय ऊतकच हाती नसते. सिरोसिस असलेल्या रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर ठराविक चित्र दिसले की बायोप्सीशिवाय निदान पक्के होते, आणि रक्तस्रावाचा धोका पाहता ते बरेही आहे. केवळ जनुकांच्या अहवालासाठी सुई घालण्याआधी त्यातून कोणता निर्णय बदलणार हे डॉक्टरांकडून स्पष्ट ऐका.

पर्यायही शोधले जात आहेत. बायोप्सीच्या साध्या काचपट्टीचे चित्र संगणकाला दाखवून जनुकांचा नमुना ओळखता येतो का, यावर २०२३ मध्ये आशादायक काम आले. दुसरा मार्ग स्वस्त आहे: रक्तातील सीआरपी १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि एएफपी १००पेक्षा कमी असलेल्या रुग्णांचे इम्युनोथेरपीवरील भवितव्य बरे असते. यावरही उपचार नाकारायचा नाही, पण डॉक्टरांशी बोलताना अंदाज येतो, आणि या दोन तपासण्या गावातल्या लॅबमध्येही होतात.

तर मग पैसे आणि वेळ कुठे घालवायचा?

आज निर्णय ठरतात ते गाठींची संख्या व आकार, त्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, लिव्हर किती काम करते आहे आणि रुग्ण स्वतः किती हिंडतो-फिरतो यावर. इम्युनोथेरपीच्या बहुतेक चाचण्या लिव्हरचे काम चांगले असलेल्या रुग्णांवर झाल्या आहेत. म्हणून वेळ सर्वात मौल्यवान. बेव्हासिझुमॅबआधी अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी झाली आहे का, हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, लिव्हर प्रत्यारोपणाचा विचार कुठे बसतो (प्रत्यारोपणानंतर ही औषधे नवे लिव्हर नाकारले जाण्याचा धोका आणतात), हे विचारा. जनुकांच्या पॅनेलपेक्षा या उत्तरांनी जास्त फरक पडतो.

कमी मात्रेच्या इम्युनोथेरपीबद्दलही विचारणा होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबची अगदी कमी मात्रा उपयोगी ठरते हे दाखवले, आणि ते काम मोलाचे आहे. पण तो निष्कर्ष तसाच लिव्हरला लावू नका. खर्च झेपत नसेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगा. गोळ्यांचे उपचारही आहेत, आणि अर्ध्यात थांबणाऱ्या महागड्या उपचारापेक्षा पूर्ण होणारा साधा उपचार मला बरा वाटतो.

जनुकीय तपासणी करायचीच असेल तर ती एखाद्या नोंदणीकृत चाचणीचा भाग म्हणून व्हावी. तिथे सहसा तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत, आणि तुमच्या माहितीतून पुढच्या रुग्णाला उपयोग होतो. आपल्याकडच्या रुग्णांची अशी माहिती फार हवी आहे.

आणि एक छोटे काम. शस्त्रक्रिया किंवा बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजी विभागात मेणाचा ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, ठेवलेला असतो. तो किती वर्षे ठेवतात ते विचारून घ्या, दुसऱ्या रुग्णालयात जाताना तो रीतसर पावती देऊन मागा, आणि पॅथॉलॉजी अहवालावरचा क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. २००८चा तो अभ्यास अशाच, वर्षानुवर्षे जपलेल्या ठोकळ्यांवर झाला होता.